दोरा तुटला तरी जुळणारे कागद

सरकारी रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या इंटर्नला सुरुवातीलाच एक गोष्ट बजावून सांगितली जाते. केसपेपरच्या प्रत्येक पानावर रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहायचा. पहिल्या पानावर लिहिलाच आहे, मग दहाव्या पानावर पुन्हा कशाला, असे त्या मुलांना वाटते. कारण अगदी साधे आहे. पाने दोऱ्याने बांधलेली असतात आणि दोरा कधी ना कधी तुटतो. ज्या पानावर क्रमांक आहे ते पान कुठेही पडले तरी आपल्या रुग्णाकडे परत जाते. ज्यावर नाही, त्या पानावरची साखर, क्रिएटिनिन किंवा पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी कुणाची हे नंतर कुणीच सांगू शकत नाही.

संगणकातल्या माहितीलाही हाच नियम लागू पडतो. नोंदींमधले नाते दोऱ्यात नसावे, नोंदीत लिहिलेले असावे. आज ही गोष्ट सरळ वाटते, पण ती स्वतःच्याच कंपनीला पटवण्यात एका गणितज्ञाची दहा वर्षांहून अधिक काळ दमछाक झाली. त्यांचे नाव एडगर फ्रँक कॉड. मित्र त्यांना टेड म्हणत. आपले बँक खाते, वीजबिल, परीक्षेचे निकाल, रुग्णालयातली संगणकीय नोंदणी यांच्यामागे बहुतेक ठिकाणी ‘रिलेशनल डेटाबेस’ असतो आणि त्याचा पाया कॉड यांनी घातला.

कॉड यांचा जन्म ऑगस्ट १९२३मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावर झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय होता, आई शाळेत शिकवायची. शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात रसायनशास्त्र शिकायला गेले. दुसरे महायुद्ध सुरू होते. विद्यार्थी म्हणून त्यांना सैन्यभरती पुढे ढकलता आली असती. त्यांनी तसे केले नाही आणि १९४२मध्ये हवाई दलात दाखल झाले. तिथे ते समुद्रावर गस्त घालणारी ‘संडरलंड’ विमाने चालवत. प्रशिक्षणासाठी त्यांना अमेरिकेत पाठवले होते, तेव्हा त्या देशाची ओढ लागली आणि उडण्याचा छंदही जडला. युद्ध संपल्यावर ते ऑक्सफर्डला परतले, विषय बदलून गणित घेतले आणि १९४८मध्ये पदवी मिळताच अमेरिकेला निघाले.

तिथे पायघड्या अंथरलेल्या नव्हत्या. न्यूयॉर्कमधल्या मेसीज या मोठ्या दुकानात त्यांनी काही काळ पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात विक्रेत्याचे काम केले. मग टेनेसी विद्यापीठात थोडे दिवस गणित शिकवले. १९४९मध्ये ते आयबीएम कंपनीत गेले. तेव्हाचा संगणक म्हणजे हजारो व्हॅक्यूम ट्यूबनी भरलेली खोली, आणि प्रोग्रॅम लिहिणारी माणसे मोजकीच.

१९५३मध्ये कॉड अमेरिका सोडून कॅनडात गेले. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली तिथे संशयाचे वातावरण उभे केले होते. कॉड यांना ते सहन होणारे नव्हते. ओटावात त्यांनी एका कंपनीचा संगणक विभाग सांभाळला आणि १९५७मध्ये पुन्हा आयबीएममध्ये परतले. एकाच यंत्रावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवण्याच्या तंत्रावर त्यांनी महत्त्वाचे काम केले. चाळिशीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले. मिशिगन विद्यापीठातून १९६५मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. विषय आम्हा डॉक्टरांनाही भावेल असा होता: स्वतःची प्रतिकृती तयार करणाऱ्या पेशींचे गणिती प्रारूप. जॉन फॉन नॉयमन यांच्या अशा प्रारूपात प्रत्येक पेशीला २९ अवस्था लागत होत्या. कॉड यांनी तेच काम ८ अवस्थांत करून दाखवले. गुंतागुंतीची गोष्ट कमीत कमी साधनांत बसवायची, ही त्यांची रीत पुढेही दिसत राहिली.

साठच्या दशकाच्या अखेरीस ते कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत आले. त्या वेळी मोठ्या कंपन्यांची माहिती कशी ठेवली जात होती हे समजून घ्यायला हवे. आयबीएमची ‘आयएमएस’ ही प्रणाली तेव्हा नावाजलेली होती. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या अपोलो मोहिमेतल्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी ती उभी राहिली होती. तिची रचना झाडासारखी होती. एका खोडाला फांद्या, फांदीला उपफांद्या, आणि प्रत्येक नोंदीत पुढची नोंद कुठे ठेवली आहे त्या जागेचा पत्ता. हा पत्ता म्हणजेच वर म्हटलेला दोरा.

अशा रचनेत रुग्णालयाची माहिती भरली आहे असे समजा. खोडाशी वॉर्ड, वॉर्डाखाली रुग्ण, रुग्णाखाली तपासण्या. अमुक वॉर्डातल्या अमुक रुग्णाचे रिपोर्ट दाखव, असे विचारले तर उत्तर चटकन मिळेल. पण सर्व वॉर्डांत मिळून गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन ७च्या खाली आलेल्या गर्भवती किती, असे विचारले तर प्रोग्रॅमरला बोलवावे लागे. प्रत्येक फांदीवर चढून उतरणारा नवा प्रोग्रॅम तो लिहीत बसे. कुणी रचना बदलली की जुने प्रोग्रॅम बंद पडत. आणि मधला एखादा पत्ता चुकला की त्याखालची अख्खी फांदी हाताबाहेर जाई. कागद होते, पण दोरा तुटलेला होता.

कॉड यांनी १९६९मध्ये कंपनीतल्या एका अहवालात आणि जून १९७०मध्ये एका संगणकशास्त्रीय नियतकालिकातल्या शोधनिबंधात वेगळी वाट दाखवली. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. रुग्णांचा एक तक्ता, तपासण्यांचा दुसरा, औषधांचा तिसरा. ओळी कुठल्या क्रमाने आहेत याला काहीही अर्थ नसावा. प्रत्येक ओळ तिच्यातल्याच एखाद्या मूल्यावरून ओळखता यावी, जसा रुग्णाचा नोंदणी क्रमांक. एका तक्त्याचे दुसऱ्याशी नाते जागेच्या पत्त्याने नव्हे, याच क्रमांकाने जोडावे. गणितात अशा तक्त्याला ‘रिलेशन’ म्हणतात, म्हणून ‘रिलेशनल’ हे नाव.

यातून दोन गोष्टी साधल्या. पहिली, एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहिता येऊ लागली. रुग्णाचा पत्ता प्रत्येक रिपोर्टवर लिहिला आणि तो घर बदलून गेला, तर पाच ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. त्यातली एक राहून गेली की खरा पत्ता कोणता हे यंत्राला कळत नाही. क्षयाच्या रुग्णाने औषध मध्येच सोडले आणि आरोग्यसेवक जुन्या पत्त्यावर जाऊन परत आला, की या विसंगतीची किंमत कळते. कॉड यांनी तक्ते कसे पाडावेत म्हणजे अशी विसंगती शिरणारच नाही, याचे नियम घालून दिले. त्याला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात. डेटाबेससाठी ते लसीकरणासारखे आहे.

दुसरी गोष्ट, माणसाने काय हवे तेवढेच सांगायचे, ते कसे शोधायचे हे यंत्राने ठरवायचे. मुळात तीन क्रिया पुरतात: हव्या त्या ओळी निवडणे, हवे ते रकाने निवडणे आणि दोन तक्ते समान क्रमांकावर जोडणे. तिसरी क्रिया सर्वांत मोलाची. मधुमेहावर मेटफॉर्मिन हे चांगले औषध आहे, पण मूत्रपिंडाचे काम फार मंदावले असेल तर ते थांबवावे लागते, नाहीतर रक्तात लॅक्टिक आम्ल साठून जिवावर बेतू शकते. औषधांच्या तक्त्यात नुसते मेटफॉर्मिन दिसते, तपासण्यांच्या तक्त्यात नुसते वाढलेले क्रिएटिनिन. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही नोंदी रोजच्याच. क्रमांकावर जोडल्या की धोका दिसतो आणि रुग्णाला फोन करता येतो.

मात्र जोडण्याची रीत निवडताना सावध राहावे लागते. दोन्ही तक्त्यांत ज्यांची नोंद आहे तेच दाखव, असे विचारले तर मेटफॉर्मिन चालू असूनही क्रिएटिनिनची तपासणी कधीच न झालेले रुग्ण यादीत येत नाहीत. यंत्र चुकत नाही, ते विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. यादी छोटी आणि नीटनेटकी दिसते, म्हणून शंकाही येत नाही. खरी काळजी नेमकी या न दिसणाऱ्या रुग्णांची करायला हवी. त्यासाठी औषध घेणारे सर्व रुग्ण दाखव, तपासणी असेल तर ती शेजारी लिही आणि नसेल तर जागा रिकामी ठेव, अशी वेगळ्या प्रकारची जोड वापरावी लागते. डेटाबेसला प्रश्न विचारणे आणि रुग्णाला प्रश्न विचारणे यांत फारसा फरक नाही. प्रश्न अर्धवट असला तर उत्तर खरे असूनही उपयोगाचे नसते.

रिकाम्या जागेचा कॉड यांनी फार बारकाईने विचार केला. माहीत नसलेल्या गोष्टीसाठी शून्य किंवा ‘नाही’ लिहिणे म्हणजे खोटी माहिती भरणे. म्हणून अशी जागा वेगळ्या खुणेने दाखवावी, असे त्यांनी मांडले. त्या खुणेला ‘नल’ म्हणतात. पुढे १९९०च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी दोन वेगळ्या खुणा सुचवल्या: माहिती आहे पण आपल्याला ठाऊक नाही ही एक, आणि हा प्रश्न इथे लागूच पडत नाही ही दुसरी. रक्तगट तपासलेला नाही हे पहिल्या प्रकारातले, तर पुरुष रुग्णाच्या पाळीची तारीख दुसऱ्या प्रकारातली. केसपेपरवर दोन्ही जागा कोऱ्याच दिसतात, पण एकीत तपासणी करायला हवी आणि दुसरीत काहीच करायचे नाही. ही दोन खुणांची सूचना संगणकांच्या जगात रुजली नाही. एकाच ‘नल’वर काम भागवले जाते आणि त्यावरून होणारे घोटाळे आजही नव्या प्रोग्रॅमरना घाम फोडतात. अ‍ॅलर्जीच्या रकान्यात ‘आहे’ नसलेले सारे रुग्ण मागितले, तर ज्यांची अ‍ॅलर्जी विचारलेलीच नाही ते ‘आहे’च्या यादीत येत नाहीत आणि ‘नाही’च्याही यादीत येत नाहीत.

एवढी उपयोगाची कल्पना कंपनीने उचलून धरायला हवी होती. पण आयबीएमचा पैसा आयएमएसमध्ये गुंतलेला होता. नव्या कल्पनेने चालत्या धंद्याला धक्का लागणार, हे उघड होते. शिवाय आक्षेप असा की कागदावर हे गणित छान आहे, पण यंत्रावर ते इतके हळू चालेल की कुणी वापरणार नाही. त्या काळच्या यंत्रांकडे पाहता हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. १९७४मध्ये एका परिषदेत कॉड आणि चार्ल्स बाकमन यांचा गाजलेला वाद झाला. बाकमन यांना आदल्याच वर्षीचा ट्युरिंग पुरस्कार मिळालेला होता आणि प्रोग्रॅमरने पत्त्यापत्त्याने वाट काढत माहितीपर्यंत पोहोचावे, या पद्धतीचे ते अध्वर्यू होते. वाद तिथल्या तिथे मिटला नाही, पण तरुण संशोधकांचे लक्ष कॉड यांच्याकडे वळले.

सॅन होजेत ‘सिस्टीम आर’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी कॉड यांच्या गणिती चिन्हांऐवजी साध्या इंग्रजीसारखी दिसणारी भाषा तयार केली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ झाली. बॉइस यांनी तिचे यश पाहिले नाही. १९७४मध्येच मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा फुटून ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले. तक्त्यांच्या शिस्तीचा एक नियम आजही बॉइस आणि कॉड या जोडनावाने शिकवला जातो. इकडे बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी ‘इन्ग्रेस’ ही प्रणाली बांधली आणि ही कल्पना यंत्रावर चालते हे दाखवून दिले. आयबीएम विचार करत राहिली आणि बाजारात आधी उतरले ते दुसरेच. पुढे ओरॅकल या नावाने ओळखल्या गेलेल्या छोट्या कंपनीने १९७९मध्ये आपला डेटाबेस विकायला काढला. आयबीएमचे असे पहिले उत्पादन १९८१मध्ये आले. त्याच वर्षी कॉड यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मान मिळाला तरी कॉड यांचे समाधान झाले नव्हते. एसक्यूएलमध्ये आपल्या नियमांना मुरड घातली गेली आहे, असे त्यांचे ठाम मत होते. एका तक्त्यात हुबेहूब तीच ओळ दोनदा येऊ शकते, ही त्यांना खटकणारी गोष्ट. डॉक्टरला ती लगेच पटते. इंजेक्शन दिल्याची तीच नोंद दोनदा दिसली, तर डोस दोनदा दिला की दोनदा लिहिला? ऐंशीच्या दशकात बाजारातले प्रत्येक उत्पादन स्वतःला ‘रिलेशनल’ म्हणवू लागले, तेव्हा १९८५मध्ये कॉड यांनी त्याची कसोटी जाहीर केली. ते ‘कॉड यांचे बारा नियम’ म्हणून ओळखले जातात. त्यांची मोजणी शून्यापासून असल्यामुळे प्रत्यक्षात नियम तेरा आहेत.

डेटाबेस आजारी पडतो तेव्हा कॉड यांच्या कल्पनेची दुसरी बाजू दिसते. लिहिता लिहिता वीज जाते, डिस्कचा एखादा भाग खराब होतो, किंवा चुकीची माहिती आत शिरते. त्यावरच्या मोठ्या उपायाचा पाया त्याच सॅन होजेच्या प्रयोगशाळेत जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्का केला. रक्तपेढीचे उदाहरण घेऊ. साठ्यातून एक पिशवी वजा करायची आणि रुग्णाच्या नावे लिहायची, ही दोन कामे मिळून एक व्यवहार आहे. मध्येच वीज गेली तर पिशवी साठ्यातही नाही आणि रुग्णाकडेही नाही, असे होता कामा नये. म्हणून मूळ तक्त्यात बदल कायम होण्याआधी तो एका वेगळ्या रोजनामचीत लिहून ठेवतात. यंत्र पुन्हा सुरू झाले की रोजनामची वाचली जाते. पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा करून घेतले जातात, अर्धवट राहिलेले मागे फिरवले जातात. या पद्धतीचे ‘एरीज’ हे नावाजलेले रूप १९९२मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागचे प्रमुख संशोधक आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले सी. मोहन. ग्रे यांना १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७मध्ये ते एकटेच शिडाच्या बोटीतून समुद्रात गेले आणि परतले नाहीत.

बिघडलेला डेटाबेस दुरुस्त करण्याचा क्रम आम्हाला ओळखीचा वाटतो. आधी आणखी इजा होऊ द्यायची नाही: नवे लिखाण थांबवायचे आणि आहे त्या बिघडलेल्या स्थितीची नक्कल काढून ठेवायची, म्हणजे उपचार फसला तरी मूळ शाबूत राहील. मग निदान. नुकसान सूचीचे आहे की तक्त्याचे? सूची म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी, माहिती लवकर सापडावी म्हणून केलेली. ती फाटली तर पुस्तकावरून पुन्हा करता येते. तक्ताच खराब झाला असेल, तर शेवटची चांगली बॅकअप प्रत घ्यायची आणि तिच्यावर रोजनामचीतले नंतरचे व्यवहार क्रमाने चढवायचे. काही दुरुस्ती साधने न वाचता येणारी पाने सरळ काढून टाकतात. तो अवयव कापण्यासारखा उपाय आहे, दुसरे काही उरले नाही तरच करायचा. शेवटी तक्ते क्रमांकावर जुळवून पाहायचे: ज्या तपासणीचा रुग्णच सापडत नाही अशी ओळ आहे का, एकच क्रमांक दोघांना लागला आहे का? जिथे खात्री नाही तिथे अंदाजाने भरायचे नाही, जागा रिकामी ठेवायची. एवढी तपासणी शक्य होते ती नाते नोंदीतच लिहिलेले असल्यामुळे.

कॉड यांनी पुढे ख्रिस डेट आणि गणितज्ञ शॅरन वाइनबर्ग यांच्याबरोबर सल्लागार कंपनी चालवली. शॅरन या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. त्यांच्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या कंपन्या अब्जावधी डॉलरच्या झाल्या, ते मात्र नियमांच्या शुद्धतेसाठी भांडत राहिले. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात हृदय निकामी होऊन त्यांचे निधन झाले. ते ७९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी डेटाबेस संशोधनातल्या एका मानाच्या पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले.

वाचकांना यातून घेण्यासारखे काय? रुग्णालयात आपण प्रत्येक वेळी नवा केसपेपर काढतो, तेव्हा यंत्राच्या लेखी एकाच माणसाची दोन माणसे होतात. एकाच्या नावावर अ‍ॅलर्जी, दुसऱ्याच्या नावावर इंजेक्शन. म्हणून जुना नोंदणी क्रमांक जपून ठेवा आणि खिडकीवर आवर्जून सांगा. आभा कार्डावरचा १४ अंकी क्रमांक असेल तर तोही द्या. नाव दर वेळी एकाच पद्धतीने लिहायला सांगा. प्रत्येक रिपोर्टच्या प्रत्येक पानावर आपलेच नाव, वय आणि क्रमांक आहे ना, हे घरी जाण्याआधी पाहा. डॉक्टरांनी विचारलेली गोष्ट ठाऊक नसेल तर ‘नाही’ म्हणू नका, ‘माहीत नाही’ म्हणा. या दोन उत्तरांवरून पुढचे उपचार बदलतात.